पान मागणारी भूतनी

राजूभैयाचा फोन आला तेव्हा मी भुसावळला, आमच्या कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत उभी होते. पट्ट्याच्या घरघरीत काही ऐकू येईना. "कोण गेलं? कोण?" मी ओरडून विचारलं, आणि तिकडून त्यानंही ओरडूनच सांगितलं, "दीदी, अपनी भूतनी चली गई!" गिरणीवाल्यानं दचकून माझ्याकडं पाहिलं, इतका मोठा आवाज होता तो. मी रस्त्यावर आले, फोन कानाला घट्ट धरला, पण आता पलीकडून शब्द येत नव्हते, नुसते हुंदके. राजूभैया आता साठी ओलांडलेला, नातवंडांचा माणूस. केबलचा धंदा बुडून कैक वर्षं झाली, तरी बुऱ्हाणपुरात त्याला अजून केबलवालाच म्हणतात. तो लहान पोरासारखा रडत होता... आणि मला मात्र रडू येत नव्हतं. डोळ्यांसमोर नुसता धूर होता, आणि त्या धुरातून मोकळ्या केसांची एक मुलगी माझ्या दिशेनं चालत येत होती. तशी मी तिला तीसेक वर्षांपूर्वी पाहिली होती.

भूतनी म्हणजे कुंदा, माझी मैत्रीण. राजूभैयाच्या तोंडी ते नाव मायेचं होतं. सगळ्यांच्याच तोंडी तसं नव्हतं. तिला जाऊन आता महिना उलटला, पण डोळे मिटले की अजून तोच धूर दिसतो, म्हणून हे लिहायला बसले आहे.

बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमची घरं भिंतीला भिंत लावून होती. कुंदाचे वडील मूळचे वाईकडचे. कागदाच्या कारखान्यात कारकून म्हणून आले आणि निवृत्त झाल्यावर गावी परत जायचं सोडून बुऱ्हाणपुरातच घर घेऊन राहिले. आम्ही तर इथलेच. माझी मराठी म्हणजे अर्धी खानदेशी आणि अर्धी हिंदी, आणि कुंदाची पुस्तकातल्यासारखी स्वच्छ. पहिल्याच भेटीत ती माझ्या बोलण्याला इतकी हसली की मी तिच्याशी बोलणंच टाकलं. मग एका सकाळी ती आमच्या दारात उभी. "कायले रुसली व, शोभा?" हे तिनं इतकं मन लावून म्हटलं की माझी आई हातातलं लाटणं ठेवून हसायला लागली. तेव्हापासून आमच्यात आडपडदा राहिला नाही. कुंदा जवळच्या चांदनी गावच्या शाळेत शिकवायची. सकाळच्या पॅसेंजरनं जायची, दुपारी परत यायची आणि आल्या आल्या भिंतीवर मूठ आपटून मला हाक द्यायची.

त्या काळी आठवड्यातून एकदा टीव्हीवर भुताची मालिका लागायची. चाळिशी-पन्नाशीतल्या कुणालाही विचारा, अंगावर काटा आल्याचा अभिनय करून सांगतील. आपोआप उघडणारं दार, पायऱ्यांवरून घरंगळत येणारा चेंडू, आरशात मागं उभी असलेली बाई... आज ते भाग मोबाइलवर पाहिले तर रबराचे हात दिसतात, रक्ताचा रंग खोटा वाटतो, नातवंडं हसतात. तेव्हा कुणी हसत नव्हतं. गल्लीत रंगीत टीव्ही कुंदाकडं होता, त्यामुळं रात्रीची जेवणं आटोपून सगळे तिच्या बैठकीत. दाराजवळ बसायला कुणी तयार नसायचं. जाहिराती लागल्या की सगळे एकदम मोठमोठ्यानं बोलायला लागायचे, उगाच, भाजीचे भाव वगैरे. कधी ऐन प्रसंगात वीज जायची. टीव्ही तर बंद व्हायचाच, पण त्याबरोबर गावातल्या यंत्रमागांचा खडखडाटही थांबायचा. तो आवाज कानाला इतका सवयीचा की एरवी ऐकूही यायचा नाही. थांबला की मात्र सगळं गाव श्वास रोखून बसलंय असं वाटायचं.

पितृपक्ष आला की मालिकेचा विशेष भाग लागायचा, नेहमीपेक्षा लांब आणि नेहमीपेक्षा भयंकर. घरोघरच्या आया चिडायच्या. "पितरांच्या दिवसांत हे काय लावून बसता रे?" म्हणायच्या, आणि पदरानं तोंड झाकून स्वतःही बघायला बसायच्या. मी तर अर्धा भाग बोटांच्या फटीतूनच पाहिलेला आहे. कुंदा एकटी घाबरायची नाही. आम्ही सगळे नायिकेकडं बघत असायचो, ती भुताकडं बघायची. "किती वेळची उभी आहे गं बिचारी तिथं," एकदा ती माझ्या कानात म्हणाली होती, "हिला काय पाहिजे ते कुणी विचारतसुद्धा नाही."

तिच्या घराविषयी एक गोष्ट इथंच सांगायला हवी. कुंदाला एक मोठी बहीण होती, मंदाताई. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि ती सासरी स्वयंपाकघरात भाजून गेली. स्टोव्ह भडकला, असं सासरच्यांनी सांगितलं, आणि काकांनी, म्हणजे कुंदाच्या वडिलांनी, ते ऐकून घेतलं. परका मुलूख, घरात दुसरी मुलगी... पुढं त्यांनी काही केलं नाही. नवऱ्यानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. त्यानंतर या घरात मंदाताईचं नाव कधी निघालं नाही. भिंतीवर फोटो नाही, बोलण्यात उल्लेख नाही. हे सगळं कुंदानं मला एकदाच सांगितलं, तापीच्या घाटावर पायऱ्यांवर बसलो असताना, पाण्याकडं बघत. मी तिचा हात धरला. तो तिनं सोडवून घेतला नाही.

आणि मग राजूभैयाच्या डोक्यात ते खूळ शिरलं. घरोघरी केबल त्याचीच होती, आणि तिच्यावर त्यानं स्वतःचा एक चॅनेल चालवलेला. त्यावर साडीच्या दुकानांच्या जाहिराती आणि लग्नांची रेकॉर्डिंग दाखवायचा. "टीव्हीवाले बंबई में बैठ के भूत बनाते हैं," तो म्हणाला, "अपन इधर नहीं बना सकते क्या? कॅमेरा है, केले की वखार है, डरने वाली पब्लिक है. और क्या चाहिए?" अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी आपलाही विशेष भाग दाखवायचा, असं ठरलं. गोष्टीतल्या ठेकेदाराच्या बायकोच्या कामाला मला घेतलं, कारण किंचाळण्यात माझा हात धरणारं गल्लीत कुणी नव्हतं. पण भूतनी व्हायला मुलगी मिळेना. एका मुलाला साडी नेसवून पाहिली. तो चालला की सगळे हसायचे. तेव्हा कुंदा म्हणाली, "मी करते."

काकू, म्हणजे कुंदाची आई, घाबरल्याच. "अगं, लग्नाची मुलगी तू. शाळेत शिकवतेस. लोक काय म्हणतील?"

"तोंडावर केस असणार आई. ओळखतंय कोण?"

वखार माझ्या मामांची होती, केळी पिकवायची. रविवारी भरदुपारी झरोक्यांवर ताडपत्र्या टाकून अंधार केला. गोवऱ्यांचा धूर तिथं नेहमीच असायचा, त्या दिवशी जास्त केला. पिकत्या केळ्यांचा तो गोड, जड वास... अजून कुठं केळी पिकत घातलेली असली की मला आधी वखार आठवते. प्रसंग साधा होता. ठेकेदाराचं कुटुंब जेवायला बसलेलं, धुरातून भूतनी येते, खदाखदा हसते, "मैं आ गई!" म्हणते आणि मी किंचाळते. आम्ही चौघं ताटं मांडून बसलो. राजूभैयानं हात वर केला.

कुंदा धुरातून आली. काकूंची जुनी पांढरी साडी, तोंडाला पावडर, डोळ्यांखाली काजळ फासलेलं. ती हसली नाही. येऊन नुसती उभी राहिली. राजूभैया हातवारे करून खुणावत होता, हस, हस. ती एकेकाच्या ताटाकडं बघत राहिली. मग पंगतीच्या टोकाला येऊन बसली, सगळ्यांचं वाढून झाल्यावर घरातली सून शेवटी टेकते ना, तशी. समोरच्या रिकाम्या जमिनीवरून तिनं तळहात फिरवला आणि अगदी हलक्या आवाजात विचारलं, "माझं पान कुठंय?"

मला किंचाळायचं होतं. तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. पुढं लोकांनी त्या अभिनयाचं फार कौतुक केलं.

राजूभैया हिंदी घरातला; श्राद्धाचं पान त्याला कुठून कळणार? "दीदी," तो कुंदाला म्हणाला, "भूतनी पान कायको माँगेगी? तंबाकूवाला लगता है क्या उसको?" सगळे हसले. कुंदाही केस मागं सारून हसली. पण तो प्रसंग त्यानं बदलला नाही. "पता नहीं क्या है," हातावरचे उभे केस दाखवत तो म्हणाला, "मगर रहने दो."

चतुर्दशीला दिवेलागणीच्या वेळी तो भाग केबलवर लागला. कुंदाची बैठक भरलेली. काका आपल्या खुर्चीत, काकू भिंतीला टेकून. ओळखीची माणसं टीव्हीत दिसायला लागली तशा टाळ्या पडल्या, माझी साडी बघून बायका काहीबाही बोलल्या. मग धूर आला, आणि हळूहळू सगळे गप्प झाले. मी सहज मागं वळून पाहिलं तर कुंदा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचं टीव्हीकडं लक्षच नव्हतं. ती वडिलांच्या मानेकडं बघत होती.

"माझं पान कुठंय?"

काका उठले. खुर्चीच्या पायाला त्यांचा पाय लागला, तरी न थांबता ते परसात गेले. काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. बाकी कुणाच्या ध्यानात काही आलं नाही. सगळ्यांची नजर पडद्यावर. कुंदा वडिलांमागं गेली, आणि मी कुंदामागं, सवयीनं. दाराच्या आतच थांबले. बाहेर अंधारात त्या दोघांच्या नुसत्या आकृत्या दिसत होत्या.

"लग्न झालेल्या मुलीचं पान सासरी वाढतात, कुंदा," काका म्हणाले.

"वाढतात का, बाबा?"

मग तो माणूस, ज्याला मी मोठ्यानं बोलतानाही कधी ऐकलं नव्हतं, तुटक तुटक बोलायला लागला. "तिची राख इथं तापीत सोडली... तिला टाकून गावी जाववेना, म्हणून राहिलो मी इथं. पान वाढायला बसलं की ती कशी गेली तेही आठवावं लागतं. तेवढं धाडस नाही झालं गं माझं..." कुंदा नुसती जवळ उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी, सर्वपित्रीला, काकूंना मदत करायला मी गेले होते. वडे तळून झाले, खीर झाली. काका अंघोळ करून आले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून म्हणाले, "एक पान जास्त वाढा." काकूंनी हातातला झारा खाली ठेवला. काहीच न विचारता त्यांनी केळीचं पान धुतलं, पुसलं, मांडलं. कुंदानं त्यावर कारल्याचे काप वाढले. मंदाताईला आवडायचे म्हणे. काकांनी तिचं पूर्ण नाव घेतलं, मंदाकिनी, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. कावळा शिवला की नाही, हे बघायला त्या दिवशी कुणी थांबलं नाही. तिघंही एकमेकांना धरून रडत होती. मी मागच्या दारानं घरी आले.

त्या घराची गाठ सुटली, पण कुंदाच्या मागं दुसरंच काही लागलं. सगळ्या गावानं तिला ओळखलं होतं. केसांचा काही उपयोग झाला नाही. हिंदी बोलणाऱ्या पोरांना पान म्हणजे खायचं पान वाटलं, त्यामुळं तिचं नाव पडलं 'पानवाली भूतनी'. स्टेशनवरचा टपरीवाला तिला बघितलं की विडा पुढं करायचा. "लो दीदी, तुम्हारा पान!" ती हसायची, कधी कधी खायचीसुद्धा. चांदनीच्या शाळेत तर वर्ग चिडीचूप असायचा म्हणे. इथवर सगळी गंमतच होती.

मग जळगावचं स्थळ आलं. मुलगा बँकेत होता, मंडळींना मुलगी पसंत पडली, बोलणी होणारच होती. जाताना त्यांनी गल्लीत चौकशी केली आणि कुणीतरी सांगितलं. तिकडून निरोप आला, घरच्या मोठ्यांना बरं वाटत नाही, पितरांच्या दिवसांत असलं सोंग घेणारी मुलगी नको. काकूंनी अंथरूण धरलं. मी कुंदाला विचारलं, "वाईट वाटलं तुला?" मला वाटलं होतं ती उडवून लावेल. "वाटलं ना," ती म्हणाली. "मुलगा चांगला होता गं. चहा झाल्यावर स्वतःचा कप उचलून आत आणून ठेवला त्यानं." आणखीही स्थळं आली, तशीच गेली. मग काकांनी बघायचं सोडलं आणि कुंदानं त्यांना पुन्हा बघायला लावलं नाही. तिच्या एकटं राहण्याचं कारण ते वखारीतलं सोंगच होतं, असं मी म्हणणार नाही. ती स्वतःही कधी तसं म्हणाली नाही. पण मी भुसावळला सासरी आले, मुलं झाली, संसार मांडला, आणि ती त्याच घरात, त्याच भिंतीच्या पलीकडं राहिली... हे माझ्या मनातून कधी गेलं नाही.

सर्वांत जिव्हारी लागली ती लताभाभीची गोष्ट. लताभाभी समोरच्या घरातली सून, उत्तरेकडची. तो भाग केबलवर पुन्हा लागला त्याच सुमारास तिच्या चिमुरडीला ताप भरला, उतरेना, आणि पोर तापात बडबडायला लागली. मी माहेरी आले होते तेव्हा. कुंदा शाळेतून येत होती आणि लताभाभी रस्त्यात आडवी आली. "मेरी बच्ची ने टीव्ही में इसकी आँखें देख लीं," ती सगळ्यांना ऐकवून म्हणाली, "तब से नींद में पान-पान करती है. दीदी, हाथ जोड़ती हूँ, इधर से मत निकला करो." ती खरोखरच हात जोडून उभी होती. आजूबाजूच्या दारांत माणसं होती. कुणी एक अक्षर बोललं नाही. कुंदा वळली आणि मागच्या बोळानं घरी आली. त्या दिवसापासून ती त्याच बोळानं स्टेशनला जायला लागली. पोर बरी होऊन खेळायला लागली तरी.

मी चिडले होते. "भांडत का नाहीस तू?" म्हटलं.

"घाबरलेल्या माणसाशी काय भांडायचं? आई आहे ती." ती आरशासमोर बसून वेणी घालत होती, इतकी घट्ट की कपाळाची कातडी ओढली जात होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "शोभा, खरंच माझ्यात काही असेल का गं?"

"वेडी आहेस का?"

"वखारीत मी ते बोलणार नव्हते. हसायचंच ठरवून गेले होते. तुमची ताटं दिसली आणि ते आलं... आवाज माझा वाटला नाही मला."

"मंदाताईचा होता?"

"मला तिचा आवाज आठवतच नाही," ती म्हणाली. "किती प्रयत्न करते. चेहरा येतो, हात येतात, आवाज येत नाही. म्हणून ती मालिका बघत बसायचे मी. वाटायचं, एखाद्या भागात एखादी तिच्यासारखं बोलेल." बाहेर माग चालू होते. मला आठवतं, ते थांबू नयेत असं मला फार वाटत होतं.

पुढची गोष्ट मला कुंदानंच सांगितली, काही वर्षांनंतर. सर्वपित्रीच्या सकाळी मागच्या दाराची कडी वाजली. बाहेर लताभाभी, डोक्यावर पदर ओढून. आत यायला तयार नाही. शेवटी तिथंच उभ्या उभ्या बोलली. तिची आई विहिरीत पडून गेली होती, की तिनं उडी घेतली होती... माहेरी तिचं नाव काढायची चोरी. "दीदी, तुम्हारे यहाँ एक पत्तल मेरी माँ के नाम की भी रख दोगी?" आदल्या गोष्टीबद्दल एक शब्द नाही. कुंदानं तेवढंच विचारलं, "नाव काय त्यांचं?"

पान वाढलं गेलं. कशी कोण जाणे, बातमी बायकांमध्ये फिरली. पुढल्या वर्षी आणखी कुणी आलं, त्याच्या पुढल्या वर्षी आणखी. कुणाची माहेरून तोडलेली आत्या, कुणाची बाळंतपणात गेलेली सवत, कुणाचं नाव ठेवायच्या आत गेलेलं बाळ. काका गेले, काकू गेल्या, तरी कुंदा दर सर्वपित्रीला बैठकीतलं सामान हलवून पानं मांडायची आणि प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घ्यायची. सगळी तिला तोंडपाठ होती. मी एकदा त्या दिवशी गेले होते. भरदिवसा, दारं उघडी, उन्हाचा पट्टा आत आलेला, जमिनीवर वाढलेल्या पानांची ओळ आणि त्यापुढं कुणी नाही... मालिकेच्या कुठल्याही भागानं मला घाबरवलं नव्हतं तितकी मी त्या ओळीपुढं घाबरले. आणि तिथून हलावंसंही वाटेना.

राजूभैयाची ती कॅसेट मात्र राहिली नाही. त्यानं पुढं तिच्यावर कुणाचं तरी लग्न रेकॉर्ड केलं. कुंदाला कळलं तेव्हा ती म्हणाली, "चांगलं झालं. माझ्या अंगावरून वरात गेली म्हणायची एकदाची." राजूभैया त्या दिवशी जेवला नव्हता, असं त्याची बायको सांगते.

आमची शेवटची भेट गेल्या दिवाळीनंतरची. कुंदाची मूत्रपिंडं थकली होती, डायलिसिस चालू होतं, चेहरा सुजलेला. मी तिला माझ्या नातीचा फोटो दाखवला. पुण्यात त्यांच्या सोसायटीत आता दरवर्षी हॅलोविन करतात. काळा झगा, रंगवलेले सुळे, हातात कोरलेला भोपळा. कुंदानं चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"भोपळ्याचे घारगे करायचे सोडून हे काय?" ती म्हणाली. मग फोटो मोठा करून, "आणि हिला सांग, एवढे दात विचकायचे नसतात. काही करायचंच नसतं. नुसतं उभं राहायचं."

मग तिनं मोबाइलवर त्या जुन्या मालिकेचा एक विशेष भाग लावला. आम्ही दोघी एकाच उशीला टेकून पाहत होतो. चित्र फिकट झालेलं, आवाज खरखरता. आरशातली बाई यायची वेळ आली आणि मी डोळ्यांवर हात घेतला, या वयात! कुंदानं माझा हात धरून खाली घेतला. "बघ गं," ती म्हणाली, "ती गेली असेल आता. ते काम करणारी. म्हातारी होऊन गेली असेल. आणि इथं बघ, अजून किती तरुण उभी आहे..." मी बघितलं. त्या बाईकडं नाही, कुंदाकडं. मोबाइलचा निळसर उजेड तिच्या सुजलेल्या तोंडावर पडला होता, आणि ती हसत होती.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. वाईहून चुलत भाऊ आला होता, विधी त्यानंच केले. दुपारी बैठकीत विषय निघाला तो त्या विशेष भागाचाच. कॅसेट नसल्यामुळं प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच भाग. एकजण म्हणाला, ती छपरातून उतरली होती. दुसरी म्हणाली, छे, तिचे पाय जमिनीला लागलेच नव्हते. एका टक्कल पडलेल्या गृहस्थानं शपथेवर सांगितलं की ती शेवटी त्याच्याकडं, त्याच्याचकडं बघून हसली होती. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. राजूभैया कोपऱ्यात बसला होता. "दीदी," तो मला हळूच म्हणाला, "इनका श्राद्ध कौन करेगा अब? बाल-बच्चा तो कोई है नहीं." मी काही बोलायच्या आत भिंतीशी बसलेली लताभाभी उठली. केस पांढरे, गुडघे धरून उठते आता. "उसकी फिकर मत करो," ती म्हणाली, "इनकी पत्तल मेरे घर में लगेगी. सबसे पहली." आणि डोळे पुसत, कुणाशी न बोलता समोर आपल्या घरी निघून गेली.

माणसं पांगली. चुलत भावाला परत जायची घाई, म्हणून घर आवरायला मी थांबले. एका दुपारी माळा झाडून काढला, अंगभर धूळ झाली. डोक्यावरून अंघोळ केली आणि केस वाळवायला ओट्यावर येऊन बसले. आता पिकले असले तरी माझे केस अजून लांब आहेत. संध्याकाळ होत आली होती. रस्त्यानं शिकवणीहून सुटलेल्या मुलींचा घोळका येत होता, रमतगमत, मोठमोठ्यानं गप्पा मारत. कुंदाच्या घराचा कोपरा आला आणि सगळ्या एकदम पळत सुटल्या. घर संपलं, पुन्हा चालायला लागल्या, पुन्हा गप्पा. मला वाटलं, शर्यत लावली असेल. तेवढ्यात मागून दुसऱ्या दोघी आल्या. त्याही त्याच कोपऱ्यापासून पळाल्या. त्यातल्या एकीची पाण्याची बाटली पडून ओट्यापाशी घरंगळत आली, तशी ती थांबली.

"क्यों भागती हो बेटा इधर से?" मी विचारलं.

ती बाटली उचलत होती. "इधर से भागते हैं," ती म्हणाली.

"पर क्यों?"

"पता नहीं. मम्मी भी भागती थी."

मग तिनं मान वर केली. रिकाम्या घराचं उघडं दार, आत अंधार, आणि ओट्यावर पांढरे केस मोकळे सोडून बसलेली मी. तिचे डोळे मोठे झाले. बाटली छातीशी धरून ती जी पळाली, ती मागं न बघता. मला आधी काही कळेना. मग केस हाताला लागले आणि मला हसू आलं, गिरणीतल्या त्या फोननंतर पहिल्यांदा. मी मोठ्यानं, पोट धरून हसत सुटले. ते हसणं रिकाम्या घरात जाऊन घुमलं, आणि पार गल्लीच्या टोकाला पोचलेल्या त्या पोरी किंचाळून आणखी जोरात पळाल्या.